क्रूसोचे पाणी कोणी भरले?

गेल्या उन्हाळ्यात लिंबागणेशला एका घराच्या ओसरीवर आम्ही मुलांना 'रॉबिन्सन क्रूसो'ची गोष्ट वाचून दाखवत होतो. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याकडे निघाले की बालाघाटाच्या पठारावर हे गाव लागते. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. जिल्ह्यातील इतर कित्येक गावांप्रमाणे इथलीही काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांचे वाचन मागे पडते, म्हणून हा संध्याकाळचा उपक्रम. पुस्तक मराठीत होते, मुलांसाठी संक्षेप केलेले. जहाज फुटते, सारे सोबती बुडतात, क्रूसो एकटाच किनाऱ्याला लागतो आणि थोडे चालून गेल्यावर त्याला गोडे पाणी सापडते, इथवर आम्ही आलो होतो. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "फादर, मंग त्याचं पाणी कोन भरायचं?"

मुले हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "तो एकटाच होता ना, तोच भरत असणार."

"पुस्तकात लिवलंय का तसं?"

आम्ही पुढची चार-पाच पाने चाळली. तसे लिहिलेले नव्हते. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आजी मात्र हसल्या नव्हत्या. "बरूबर इचारती ती," एवढेच त्या म्हणाल्या. टँकर आला की घरचे टिपाड भरून घेण्याचे काम या नातीकडे आहे, हे आम्हांला नंतर कळले.

संक्षेप करणाऱ्याने तो भाग गाळला असेल अशी मनाची समजूत घालून आम्ही मुक्कामी परतलो आणि मूळ इंग्रजी कादंबरी पुन्हा हाती घेतली. प्रस्तुत लेख त्या फेरवाचनातून झाला आहे. डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. सेमिनरीत असताना इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही ती प्रथम वाचली आणि पुढे पंचवीस वर्षांच्या पौरोहित्यात तिचा दाखला प्रवचनांतून अनेकदा दिला. म्हणजे पुस्तक आमच्या परिचयाचे होते, असे आम्ही समजत होतो.

पहिल्या संध्याकाळचे वर्णन असे आहे. क्रूसो किनाऱ्यापासून सुमारे एक फर्लांग आत चालत जातो, गोडे पाणी शोधतो, ते मिळाल्याने त्याला फार आनंद होतो. पाणी पिऊन, भूक लागू नये म्हणून तोंडात थोडी तंबाखू धरून तो झाडावर झोपायला जातो. हे सारे एका वाक्याच्या पोटात उरकले आहे. पाणी झऱ्याचे की साचलेले, वाटेत खडक की चिखल, प्यायला भांडे होते की ओंजळ, काही नाही. त्याच्या उलट बुडालेल्या जहाजावरून सामान आणण्याचा मजकूर पाहावा. तेरा दिवसांत अकरा खेपा, आणि प्रत्येक खेपेला काय काय आणले त्याची वाण्याच्या वहीत शोभावी अशी नोंद: करवती, कुऱ्हाडी, दारूगोळा, शिडाचे कापड, दोर, बिस्किटे, रम. पुढे कायमच्या वस्तीसाठी जागा निवडताना आरोग्य आणि गोडे पाणी या अटी तो सर्वांआधी मांडतो खऱ्या; परंतु जागा ठरल्यावर तिचे जे लांबलचक वर्णन येते त्यात तंबू, दुहेरी कुंपण आणि आत उतरण्याची शिडी आहे. तिथून पाणी किती पावलांवर, ते नाही.

आणखी एक जागा आम्हांला फार बोलकी वाटली. बेटावर काही वर्षे काढल्यानंतर क्रूसो स्वतः कोरलेल्या होडीतून बेटाला वळसा घालायला निघतो. होडीत काय भरले याची यादी तो देतो: जवाच्या भाकऱ्या, मडकेभर भाजलेला भात, रमची लहान बाटली, अर्धी बकरी, बंदुकीची दारू, अंगावर घ्यायला दोन डगले. या यादीत पाणी नाही. मग प्रवाह होडीला समुद्रात ओढून नेऊ लागतो, क्रूसोची घाबरगुंडी उडते, आणि त्या क्षणी त्याला आठवते की आपल्याजवळ मातीचा एक मोठा रांजण भरून गोडे पाणी आहे. यादी लिहिताना तो रांजण लेखकाच्या डोळ्यांसमोर नव्हता. भीती आली तेव्हा तो दिसला. आमच्या मते ही डीफोची केवळ विसराळू चूक नाही. ज्या देशात पाऊस बारा महिने पडतो आणि पाणी दाराशी वाहते, तिथल्या माणसाच्या मनात पाण्याचे स्थान असेच असते. ते असते, म्हणून यादीत येत नाही.

याच दशकात आपल्याकडे लिहिल्या गेलेल्या एका मराठी गद्याची इथे आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५-१६ चे, म्हणजे 'क्रूसो'च्या तीन-चार वर्षे आधीचे. ते कथा नव्हे, राजनीतीवरील लेखन. तरीही डोंगरमाथ्यावर इतरांपासून तुटून राहावे लागणाऱ्या माणसांचा विचार त्यात आहे, आणि वेढा पडलेला गड हे एक प्रकारचे बेटच असते. अमात्य सांगतात की गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यकच असेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे, तो पुरतो, म्हणून निर्धास्त राहू नये. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमके तेव्हाच पाणी अधिक लागते. तोफांच्या आवाजाने झरा खरोखर आटतो की नाही, हे आज कोणी भूजलतज्ज्ञ तपासून सांगेल. आम्हांला महत्त्वाची वाटते ती पाण्याविषयीची धास्ती. आज सापडलेले पाणी उद्या असेल असे अमात्य गृहीत धरत नाहीत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तिथे गेलेले आपले वाचक त्या विहिरींत डोकावून आले असतील. पाण्याला दूध, दही आणि साखर अशी नावे देणाऱ्यांना ते केवढ्याला पडते हे माहीत होते.

आता खुद्द बेटांकडे वळू. डीफोने आपले बेट दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या मुखापाशी, म्हणजे उष्ण कटिबंधात कल्पिले. डोंगर असलेल्या, भरपूर पावसाच्या बेटावर ओढे असणारच, तेव्हा क्रूसोला पाणी मिळाले यात असंभाव्य काही नाही. ज्या अलेक्झांडर सेल्कर्कची हकीकत डीफोच्या काळी गाजली होती, तो १७०४ ते १७०९ अशी चार वर्षांहून अधिक काळ चिलीसमोरच्या ज्या बेटावर राहिला, तेही डोंगराळ आणि पाण्याचे होते. परंतु उष्ण समुद्रातील कित्येक बेटे पोवळ्याच्या वाळूची, समुद्रातून जेमतेम डोके वर काढलेली असतात. तिथे ओढा नसतो. अशा बेटावर पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते, भिंगासारख्या आकाराचा त्याचा थर होतो. समुद्रसपाटीच्या वर ते पाणी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते, असा हिशेब एका डच आणि एका जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मांडला. तहानलेल्याने भरतीच्या रेषेच्या बरेच आत, वाळूच्या टेकाडामागे उथळ खड्डा खणावा, पहिला ओलावा पाझरू लागला की थांबावे आणि वरवरचे पाणी अलगद उपसून घ्यावे. हावेने खोल गेले की खारे लागते. समुद्राचे पाणी तर पिऊच नये; त्यातले मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यालेल्याहून अधिक पाणी खर्चावे लागते आणि माणूस पिऊन अधिक सुकतो.

'हावेने खोल गेले की खारे' हे वाक्य लिहिताना आमच्यासमोर पोवळ्याचे बेट नव्हते, वसई होती. आमचा जन्म तिथला. समुद्रकाठच्या पट्टीत आमच्या वाडवडिलांनी रहाटाने विहिरींचे पाणी उपसले आणि वाडीवाडीत बावखले राखली. पावसाचे पाणी बावखलात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि खाऱ्याला दूर ढकलून धरी. रहाट किती उपसणार? बैल थकला की तो थांबे. पुढे पंप आले, ते थकेनात. टँकर भरून गोडे पाणी विकले जाऊ लागले आणि कित्येक विहिरींना मचूळ चव आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला त्याची हकीकत या अंकाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावी असे नाही. तेव्हा आम्ही तरुण होतो, सभांना जात होतो. तरीही 'क्रूसो' वाचताना त्याच्या पाण्याविषयी आम्हांला एकदाही प्रश्न पडला नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

डीफोच्या शंभराहून अधिक वर्षे आधी पाण्याची गोष्ट नीट सांगणारा एक लेखक होऊन गेला. इंका गार्सिलासो दे ला वेगा हा पेरूमधील कुझ्को येथे जन्मलेला, आईकडून इंका राजघराण्यातला आणि बापाकडून स्पॅनिश. त्याच्या १६०९ सालच्या ग्रंथात पेद्रो सेरानो या खलाशाची हकीकत आहे. सेरानो कॅरिबियन समुद्रातील वाळूच्या एका उघड्या बेटावर लागला. तिथे पाणी नाही, झाड नाही, ठिणगी पाडायला दगडही नाही. त्याने समुद्रकासवे उलटी केली, पाण्याऐवजी त्यांचे रक्त प्याला आणि त्यांच्या मोठ्या कवचांत पावसाचे पाणी धरून ठेवले. गार्सिलासो कवचांचे वर्णन करतो, ती लहानमोठी होती हे सांगतो. त्याच्या गोष्टीत पाण्याला भांडे आहे! तीन वर्षांनी दुसरा एक जहाज फुटलेला माणूस त्या बेटावर आला. केस-दाढी अंगभर वाढलेल्या सेरानोला पाहून त्याला तो सैतान वाटला आणि सेरानोला तो. सेरानो येशूचे नाव घेत पळत सुटला. ते ऐकून दुसऱ्याने आपणही ख्रिस्ती असल्याचे ओरडून सांगितले आणि खात्री पटावी म्हणून मोठ्याने प्रेषितांचा विश्वासांगिकार म्हणू लागला. पुढे ते दोघे कामावरून भांडले आणि काही काळ त्या एवढ्याशा बेटावर वेगवेगळे राहिले. कोणी कोणते काम करायचे यावरून तंटा व्हावा, हे आम्हांला फार खरे वाटते. ज्या घरात पाणी आणावे लागते तिथे हे सांगायला नको.

बॅलंटाइनच्या 'कोरल आयलंड'विषयी (१८५७) एवढेच सांगून पुढे जाऊ की त्या गृहस्थाने नारळाचे झाड न पाहता ते लिहिले आणि इंग्लंडच्या बाजारात मिळणारा सोललेला नारळच झाडाला लटकवला. सोडण त्याच्या गावी नव्हते. पुढे त्यालाच त्याची लाज वाटली. विल्यम गोल्डिंगचे 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) हे मात्र वेगळ्या तोलाचे पुस्तक. त्यातील मुले बेटावर सभा भरवून ठरवतात की ओढ्याचे पाणी करवंट्यांत भरून पानांखाली झाकून ठेवायचे. काही दिवस ते होते. मग कोणीच भरत नाही, ज्याला तहान लागते तो ओढ्यावर जाऊन पिऊन येतो. पुढे त्या मुलांत जी हिंसा माजते तिची सुरुवात आपण शोधायला गेलो तर या रिकाम्या करवंट्यांपाशी थांबावे लागते. गोल्डिंगने ही गोष्ट सभेतल्या एका भाषणात, जाता जाता सांगितली आहे, आणि आमच्या मते त्या कादंबरीतील सर्वांत धारदार निरीक्षण तेच आहे.

इथवर लिहून झाल्यावर डीफोविरुद्ध आमचा निकाल जवळजवळ तयार होता. पण कादंबरी पुढे वाचताना तो मोडला, आणि मोडला तोही अशा पानांवर की जी आम्ही प्रवचनांतून सर्वाधिक वेळा सांगितली होती.

बेटावर येऊन नऊ महिने झालेले असतात. जूनअखेर क्रूसोला हिवताप भरतो. त्या तापात त्याला भयंकर स्वप्न पडते: काळ्या ढगातून ज्वालांनी वेढलेला पुरुष उतरतो आणि इतके सारे पाहूनही तू पश्चात्ताप केला नाहीस म्हणून भाला उगारतो. जागा झाल्यावर क्रूसो आपल्या गतायुष्याचा विचार करू लागतो, पुढे बायबल उघडतो. आम्ही हे स्वप्न किती रंगवून सांगितले असेल! परंतु स्वप्नाच्या आधी काय आहे? रोजनिशीत २७ जूनची नोंद आहे. तो दिवसभर पडून आहे, तहानेने जीव जातो की काय अशी स्थिती आहे, परंतु उठून पाणी आणण्याइतकी ताकद अंगात नाही. तो देवाचा धावा करतो आणि ग्लानीत झोपतो. रात्री उशिरा जाग येते तेव्हा तहान भयंकर लागलेली असते. घरात पाणी नाही, म्हणून सकाळपर्यंत तसेच पडून राहण्यावाचून गत्यंतर नाही. तो पुन्हा झोपतो आणि त्या झोपेत ते स्वप्न पडते.

घरात पाणी नाही! दोन कुंपणांच्या आत, बंदुका आणि अकरा खेपांच्या सामानाच्या मधोमध पडलेल्या माणसाच्या घरात ओंजळभर पाणी नाही, कारण ते भरून ठेवणारे कोणी नाही. झरा तिथेच आहे. बेट तेच आहे. लिंबागणेशच्या मुलीने जे विचारले ते डीफोने विचारलेले होते, आणि त्याचे उत्तर त्याच्या नायकाला या रात्री मिळाले. दुसऱ्या दिवशी, २८ जूनला, उतार पडताच क्रूसो पहिली व्यवस्था कोणती करतो? उद्या पुन्हा ताप चढेल म्हणून एक मोठी चौकोनी बाटली पाण्याने भरतो आणि बिछान्यावरून हात पोहोचेल अशी टेबलावर ठेवतो. पाणी बाधू नये म्हणून त्यात थोडी रम घालतो. बायबल त्यानंतर उघडले जाते.

एवढी वर्षे आम्ही ज्वालांचा पुरुष सांगितला आणि बाटली गाळली. मराठी संक्षेपकाराला दोष द्यायला आम्ही निघालो होतो. संक्षेप आमचाही होता. पवित्र शास्त्राचे लेखक कोरड्या मुलखातले, ते असे गाळत नाहीत. हागारेच्या कथेत मसकेतले पाणी संपते तेव्हा ते संपल्याचे सांगितले आहे. देवाने तिचे डोळे उघडल्यावर तिला विहीर दिसते, आणि तिथे कथा थांबत नाही. ती जाऊन मसक भरते आणि मुलाला पाजते. शोमरोनी स्त्री गावात धावत जाते तेव्हा ती आपला घडा तिथेच ठेवून गेली, हे योहानाला लिहावेसे वाटले.

बाटलीचे हे पान लिहून झाल्यावर डीफो पुन्हा विसरतो, हेही नोंदवले पाहिजे. होडीच्या यादीतून गळालेला रांजण हा या तापानंतरचा आहे. पण आणखी एकदा त्याला पाण्याची आठवण होते. पाठलाग करणाऱ्यांपासून क्रूसो ज्या तरुणाला वाचवतो, त्याला तो गुहेत नेतो, भाकरी आणि मनुका देतो आणि पाणी पाजतो. धावून धावून त्याला पाण्याची फारच गरज होती, असे क्रूसो लिहितो. तहानेची ती रात्र ज्याने काढली त्याच्या नजरेला परक्याची तहान दिसते, असे आम्हांला हे वाक्य वाचताना वाटले. लगेच पुढे तो त्या तरुणाचे नाव फ्रायडे ठेवतो आणि आपल्याला 'मालक' म्हणायला शिकवतो. त्यानंतर झऱ्यावरून पाणी कोण आणत असे, हे कादंबरी सांगत नाही. वाचकाने ओळखावे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा लिंबागणेशला गेलो. पुस्तक बाजूला ठेवले आणि तापाची ती रात्र मूळ कादंबरीवरून तोंडीच सांगितली. घरात पाणी नव्हते इथे आल्यावर मुले एकदम गप्प झाली. ती मुलगी म्हणाली, "मंग त्यानं आदल्या दिशीच भरून ठिवायचं व्हतं." दुसऱ्या दिवशी त्याने तेच केले, बाटली भरून उशाशी ठेवली, असे आम्ही सांगितले. तिने विचारले, बाटली केवढी होती? डीफोने 'मोठी' आणि 'चौकोनी' एवढेच लिहिले आहे. तेवढे आम्ही तिला सांगितले.